दवंडी आणि ग्रंथालय

वार्ता आणि ज्ञान माणसापर्यंत पोहोचण्याचे दोन मार्ग फार पूर्वीपासून चालत आले आहेत. पहिला मार्ग दवंडीचा. गावच्या चावडीपुढे डफ वाजे आणि पुकारा होई. तो पुकारा वाड्यातील धनिकाला आणि झोपडीतील मजुराला एकाच वेळी, एकाच शब्दांत ऐकू येई. परंतु जो शेतावर गेला असेल किंवा झोपी गेला असेल, त्याच्यासाठी दवंडी थांबत नसे. दुसरा मार्ग ग्रंथालयाचा. तेथे ग्रंथ वाचकाची वाट पाहत उभे असतात. वाचकाने हवा तो ग्रंथ हव्या त्या वेळी उघडावा आणि मन भरेल तेथे मिटावा.

दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात आज हेच दोन मार्ग समोरासमोर आले आहेत. ठरल्या वेळी ठरलेला कार्यक्रम घरोघरी नेणारी केबलची दूरचित्रवाणी ही दवंडीच्या कुळातील होय. इंटरनेटवरून मागाल तेव्हा मागाल तो चित्रपट पुरविणारे स्ट्रीमिंग हे ग्रंथालयाच्या कुळातील होय. ग्रंथालय जर प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये येऊन बसले, तर दवंडीचे काही प्रयोजन उरते काय, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्यासारखा आहे.

केबलचा जन्म डोंगरांच्या अडथळ्यातून झाला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात; वाटेत डोंगर आला की त्या अडतात. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याचे कार्यक्रम पुण्यास पोहोचविण्यासाठी सिंहगडाच्या माथ्यावर मनोरा उभारावा लागला, तो याच कारणाने. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया व ओरेगॉन या राज्यांतील काही डोंगराळ गावांनी हीच अडचण 1948 च्या सुमारास निराळ्या युक्तीने सोडविली. उंच जागी एक मोठा ॲन्टेना उभारावयाचा, आणि तेथून गावातील घराघरात तार न्यावयाची. हीच केबल दूरचित्रवाणीची सुरुवात.

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत झाला. केबल मात्र पुष्कळ उशिरा आली. 1980 नंतरच्या दशकात मुंबईच्या इमारतींमध्ये एकच व्हिडिओ यंत्र लावून त्याची तार अनेक बिऱ्हाडांत नेण्याची प्रथा पडली. 1991 मध्ये आखाती युद्ध पेटले. त्या युद्धाची दृश्ये उपग्रहामार्फत येत होती, आणि ती पाहण्याच्या ओढीने शहरोशहरी गच्चीवर मोठमोठ्या डिश दिसू लागल्या. गल्लोगल्ली 'केबलवाला' नावाचा एक नवा व्यावसायिक उदयास आला. 1995 मध्ये या व्यवसायाचे नियमन करणारा कायदा झाला, आणि 2012 ते 2017 या काळात टप्प्याटप्प्याने डिजिटल पद्धत लागू होऊन घरोघरी सेट-टॉप बॉक्स आला.

या दोन पद्धतींमधील खरा भेद त्यांच्या रचनेत आहे. दूरचित्रवाणीच्या पद्धतीत वाहिनीचा संदेश प्रथम उपग्रहाकडे जातो. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो. तेथून परतलेला संदेश केबलचालकाच्या केंद्रातील डिश ग्रहण करते, आणि तो तारांच्या शाखा-उपशाखांतून घरोघरी पोहोचतो. पाटाच्या पाण्याप्रमाणे एकच प्रवाह साऱ्या शेतांतून फिरतो. शंभर घरांनी तो कार्यक्रम पाहिला काय किंवा लाख घरांनी पाहिला काय, मूळ प्रवाह तेवढाच राहतो.

स्ट्रीमिंगची रीत याहून वेगळी आहे. तेथे प्रत्येक प्रेक्षकाची मागणी स्वतंत्रपणे येते आणि प्रत्येकाला त्याचा वाटा स्वतंत्रपणे पाठवावा लागतो. चित्राचे काही सेकंदांचे लहान लहान तुकडे करून ते इंटरनेटवरून रवाना होतात. वाटेत खंड पडू नये म्हणून प्रेक्षकाचे यंत्र काही तुकडे आधीच साठवून ठेवते आणि मग चित्र दाखविते. यामुळे प्रेक्षकाला निवडीचे स्वातंत्र्य लाभते. परंतु प्रेक्षक वाढले की यंत्रणेवरील भारही वाढतो, आणि थेट सामना दाखविताना चित्र मागे पडते. खेळाडूने षटकार मारल्यावर शेजारच्या घरातून आरोळी ऐकू यावी, आणि मोबाइलवर मात्र गोलंदाज अजून धावतच असावा, हा अनुभव आज अनेकांच्या परिचयाचा आहे.

असे असूनही लोकांचा ओघ ग्रंथालयाकडे आहे, यात शंका नाही. अमेरिकेत मे 2025 मध्ये दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जेवढा वेळ व्यतीत झाला, त्यापैकी 44.8 टक्के वेळ स्ट्रीमिंगच्या वाट्याला गेला. केबल आणि साधे प्रक्षेपण यांचा एकत्रित वाटा प्रथमच त्याहून थोडा कमी, म्हणजे 44.2 टक्के भरला. भारतातही 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले. घरच्या छपरावर डिश बसवून पैसे भरणाऱ्या ग्राहकांची संख्या 2020 च्या अखेरीस 7 कोटींच्या घरात होती. मार्च 2025 मध्ये ती 6 कोटींच्याही खाली आली. याला कारणेही सबळ आहेत. न पाहिलेल्या वाहिन्यांचे पैसे भरणे, दर थोड्या वेळाने येणाऱ्या जाहिराती सोसणे, वृत्तवाहिन्यांवरील कर्कश वाद ऐकणे, हे कोणास आवडेल? उलट, स्ट्रीमिंगवर एखादा कठीण पाठ विद्यार्थी दहा वेळा पाहू शकतो. ज्याला ऐकू येत नाही तो पडद्यावरील अक्षरे वाचू शकतो. परदेशी राहणारे मराठी कुटुंब आपल्या भाषेतील नाटक घरबसल्या पाहू शकते. हे लाभ लहान नव्हेत.

तथापि एखादी घटना सर्वांनी एकाच क्षणी पाहावयाची असते, तेव्हा चित्र पालटते. 19 नोव्हेंबर 2023 रोजी अहमदाबाद येथे भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्ट्रीमिंगवर एका क्षणी 5 कोटी 90 लाख प्रेक्षक जमले. त्या दिवसापर्यंतचा तो विक्रम होता. परंतु त्याच सामन्यात दूरचित्रवाणीवर एका क्षणी जमलेल्या प्रेक्षकांची सर्वोच्च संख्या 13 कोटी होती. म्हणजे ग्रंथालयात विक्रमी गर्दी झाली त्याच दिवशी दवंडीभोवती त्याच्या दुपटीहून अधिक लोक उभे होते.

खेळ ही करमणुकीची गोष्ट झाली. दवंडीची खरी कसोटी संकटात लागते. 24 मार्च 2020 रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली. ती वार्ता 19 कोटींहून अधिक लोकांनी दूरचित्रवाणीवर ऐकली. शाळांची दारे बंद झाली आणि अध्यापन मोबाइलवर सुरू झाले. पण ज्या घरात मोबाइलच नव्हता, किंवा असलेला एकुलता एक मोबाइल वडिलांबरोबर कामावर जात होता, त्या घरातील मुलाने काय करावे? दोन भावंडांचे वर्ग एकाच वेळी असतील तर पुढे कोणी बसावे आणि मागे कोणी राहावे? ज्ञानाचे भांडार उघडे होते. परंतु त्याच्या दाराची किल्ली प्रत्येकापाशी नव्हती.

अशा वेळी 20 जुलै 2020 पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती मराठी माध्यमाच्या पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी तयार केली होती. प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली होती. त्या वेळी दूरचित्रवाणी संच सुरू केला, की पाठ समोर येई. त्यासाठी इंटरनेटची आवश्यकता नव्हती. त्यात उणीवही होती. पाठ थांबविता येत नसे, शंका विचारता येत नसे, आणि ज्या घरी संचच नव्हता तेथे तोही पोहोचत नसे. तरीदेखील मोबाइलवाचून मागे राहणाऱ्या अनेक मुलांसाठी ही दवंडी शाळेची घंटा झाली.

येथे एक विवेक करणे आवश्यक आहे. केबल ही केवळ तार आहे. थेट प्रक्षेपण हे कार्य आहे. तार बदलली तरी कार्य संपत नाही. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चंद्रावर उतरले, तो क्षण दूरचित्रवाणीप्रमाणे इंटरनेटवरही 80 लाखांहून अधिक लोकांनी एकाच वेळी पाहिला. गच्चीवरून तारा ओढणारे कित्येक केबलवाले आज त्याच घरांना इंटरनेटची जोडणी देत आहेत. तेव्हा केबलची तार टिकेल की जाईल, यापेक्षा सर्वांना एकाच वेळी, अल्प खर्चात आणि भेदभावावाचून जे मिळत होते, ते पुढेही मिळेल काय, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

भारताने या प्रश्नाचे भान काही अंशी राखले आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट प्रक्षेपण खासगी कंपनीने प्रसार भारतीलाही द्यावे, असा कायदा 2007 मध्ये झाला. दूरदर्शनच्या 'फ्री डिश' सेवेस मासिक शुल्क नाही. एकदा डिश आणि बॉक्स घेतला, की खेड्यातील कुटुंबही अनेक वाहिन्या विनामूल्य पाहू शकते.

ग्रंथालय आले म्हणून चावडी ओस पडू नये, आणि चावडी आहे म्हणून ग्रंथालयाचे दार बंद राहू नये. एकांतात हवे ते पाहण्याचे स्वातंत्र्य मोठे आहे. परंतु समाज एकत्र येतो तो एकाच वेळी ऐकलेल्या वार्तेने आणि एकाच वेळी अनुभवलेल्या सुखदुःखाने. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्याही कानी जी पडते, तीच खरी दवंडी होय. उद्या ती तारेने येवो, डिशने येवो वा इंटरनेटने येवो. गावातील शेवटच्या घरापर्यंत ती पोहोचते की नाही, यावरच तिची किंमत ठरेल.