औलीच्या उतारावर जाण्याआधी

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं औली हे तसं छोटंच स्कीकेंद्र. उतार साधारण २,५०० ते ३,००० मीटर उंचीवर, समोर ७,८१६ मीटरचं नंदादेवी शिखर. पायथ्याचं गाव जोशीमठ. तिथली जमीन खचू लागली तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, वर येणारा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे थांबवावा लागला. म्हणून जीपचा घाटरस्ता हिशेबात धरूनच निघावं. हंगाम जानेवारी ते मार्चची सुरुवात. पण हल्ली बर्फाचा भरवसा नाही, याचं फार वाईट वाटतं. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतल्या स्कीच्या शर्यती इथेच तर झाल्या होत्या!

गढवाल मंडल विकास निगम नवख्यांसाठी वर्ग घेतं. स्कीचे बूट भाड्याने मिळतात. घेताना ते घट्टच बघा. आत टाच उचलली गेली तर स्की नीट वळत नाही. पायात एकच लोकरी मोजा घाला. दोन चढवले की पाय आवळतो आणि बोटं उलट जास्त गारठतात. पहिला धडा थांबण्याचा: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची फाकलेली, गुडघे वाकलेले. तोल गेलाच, तर कुशीवर पडा.