व्याज आणि धर्म : लेखांक सहावा
दामदुपटीची मर्यादा

ख्रिस्ती धर्मपीठाने व्याजाला पाप ठरविले आणि कुराणाने ‘रिबा’ निषिद्ध मानला, हे मागील लेखांकांत आपण पाहिले. आपल्या स्मृतिकारांची वाट निराळी होती. पैशाने पैसा वाढावा यात त्यांना मुळात गैर असे काही वाटले नाही. तो कोणी वाढवावा आणि कोठवर वाढू द्यावा, एवढीच त्यांची विवंचना होती. म्हणून वैश्याला ही वृत्ती मोकळी ठेवून ब्राह्मणाला मात्र तिचा निषेध सांगितला गेला, आणि बौधायनाने तर ब्रह्महत्या करणारा व व्याजखाऊ यांना तराजूच्या दोन पारड्यांत घालून व्याजखाऊचेच पारडे जड ठरविले.

दराच्या बाबतीत याज्ञवल्क्याचा हिशेब चोख आहे. तारणी कर्जास दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा हिस्सा, म्हणजे शेकडा सव्वा. बिनतारणी कर्जास मात्र ब्राह्मण ऋणकोला शेकडा दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार आणि शूद्राला पाच. ज्याची ऐपत बहुधा सर्वांत कमी, त्याच्याच माथी सर्वांत भारी दर बसविणारी ही व्यवस्था धर्माच्या नावाने चालावी, याचे समर्थन कोणत्याही टीकाकाराला करता येईल असे मला वाटत नाही.

आचार तर शास्त्राच्या पुष्कळ पुढे गेला. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी संन्यासी होते, आणि पहिल्या बाजीरावाचे धनकोही होते. गुरूच्या चरणी लीन होणाऱ्या पेशव्याला त्याच गुरूच्या तगाद्याने हैराण व्हावे लागे. नागपुरात भोसल्यांच्या अमदानीत दशनामी गोसावी व्यापाराबरोबर सावकारीही करीत. गृहस्थाची दौलत मुलांच्या वाटणीत फुटते. मठाची दौलत गुरूकडून चेल्याकडे जात असल्यामुळे ती एकवट राहते, आणि वैराग्याच्या व्यवस्थेतूनच असे भांडवल साठत जाते.

तथापि स्मृतींची एक देणगी निःसंशय मोलाची होती, ती दामदुपटीची. एका वेळी मागावयाच्या थकलेल्या व्याजाची रक्कम मुद्दलाहून अधिक होता कामा नये, असा हा नियम. शंभराच्या कर्जावर धनकोने कितीही वर्षे दम धरला तरी मागणी दोनशेच्या वर जाऊ शकत नसे. सरकारने १८५५ च्या कायद्याने व्याजाच्या दरावरील बंधने उठविली, तरी मुंबईच्या उच्च न्यायालयाने हा नियम हिंदू ऋणकोच्या बाबतीत टिकविला. सावकारही काही कमी नव्हते. व्याज तुंबले की जुने खत रद्द करून नवे लिहून घ्यावयाचे, म्हणजे कालचे व्याज आजचे मुद्दल होऊन दुपटीची गणना पहिल्यापासून सुरू होते. या युक्तीला मनूचीच संमती होती, कारण देणे फेडण्यास असमर्थ असलेल्या ऋणकोने नवा लेख करून द्यावा असे तोच सांगतो!

पुढे धर्माचा आधार सुटला, नियम मात्र उरला. मुंबई इलाख्यात १९४६ च्या सावकारी कायद्याने, ऋणको कोणत्याही धर्माचा असो, मुद्दलाहून अधिक व्याजाचा हुकूमनामा देण्यास न्यायालयांना मनाई केली. नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांताने मात्र १९३३ सालीच तडजोडीचा मार्ग धरला होता. धनको व ऋणको यांना समोरासमोर बसविणाऱ्या त्या मंडळांचा वृत्तांत पुढील लेखांकात.