मनगट लोंबले म्हणजे लकवाच असे नाही

लग्नसराईतली गोष्ट. पस्तिशीचे एक गृहस्थ सकाळीच दवाखान्यात आले. उजवे मनगट खाली लोंबत होते, बोटे उचलत नव्हती. रात्री थोडी 'घेऊन' ते मांडवातल्या खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून झोपी गेले होते. बरोबरचे काका म्हणाले, "डॉक्टरसाहेब, लकवा मारलाय. कबुतराचं रक्त चोळू का?" तपासले तर चेहरा सरळ, बोलणे स्वच्छ, पाय ठणठणीत. मेंदूला काही झाले नव्हते. दंडातली एक नस दबली होती.

आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. इथे नस म्हणजे मज्जातंतू. मानेच्या खालच्या भागातून व छातीच्या पहिल्या मणक्याखालून अशी पाच मुळे निघतात आणि काखेपर्यंत त्यांचे जाळे विणले जाते. त्यातली एक नस खांद्याच्या गोलाईला, म्हणजे डेल्टॉइडला जाते. दुसरी दंडाच्या पुढच्या बाजूला. मुले बेटकुळी काढून दाखवतात ती हिच्याच जोरावर. मीडियन आणि अल्नर या दोन नसा दंडातून नुसत्या प्रवासी म्हणून जातात, तिथल्या स्नायूंना काही देत नाहीत.

आपल्या गृहस्थांची दबली होती रेडियल नस. ही दंडाच्या मागच्या ट्रायसेप्स स्नायूला फांद्या देते आणि हाडावरच्या उथळ खोबणीतून, झाडाला वेल वेढावा तशी, बाहेरच्या बाजूला वळते. इथे ती हाडाला अगदी लागून असते. म्हणून खुर्चीची कड तिला चेपू शकते, आणि दंडाचे हाड मोडले तरी तिलाच दुखापत होण्याची भीती. ट्रायसेप्सच्या फांद्या बहुतेक आधीच सुटलेल्या असल्याने कोपर सरळ होते. मनगट आणि बोटे मात्र उचलत नाहीत. कुबडीचा भार काखेत घेणाऱ्यांची हीच नस आणखी वर दबते, तेव्हा कोपरही दुबळे होते. कुबडी आणि काख यांत दोन-तीन बोटे अंतर हवे, भार तळहातावर घ्यावा.

नुसती चेपलेली नस बहुधा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत पूर्ववत होते. तोवर मनगटाला स्प्लिंटचा आधार द्यावा आणि दुसऱ्या हाताने बोटे हलवत राहावे, नाहीतर सांधे आखडतात. नस तुटलीच असेल तर शस्त्रक्रिया लागते, आणि नंतर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनेच वाढते.

पण एक ध्यानात ठेवा. हाताबरोबर तोंड वाकडे झाले, जीभ अडखळली किंवा पाय लटपटला, तर हा लेख बाजूला ठेवून थेट मोठे रुग्णालय गाठा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. शंका असली तरीही जा. निदान डॉक्टरला करू द्या.

त्या गृहस्थांचे मनगट सातव्या आठवड्यात उचलू लागले. कबुतर वाचले.