"वजन कमी करा" म्हणणं आणि ते समजावणं

वर्गात "समजलं का?" विचारलं की सगळी मुलं एका सुरात "हो" म्हणतात. त्या "हो"ची किंमत आपल्याला चांगली ठाऊक आहे. दवाखान्यातही असंच होतं. "वजन कमी करा, गोड-तेलकट बंद, रोज चाला" असं सांगितलं जातं, पेशंट मान डोलावतो आणि चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो. सल्ला बरोबरच असतो, पण त्याला शिकवणं म्हणता येत नाही. म्हणून रुग्णशिक्षणात एक साधी रीत सांगतात. सगळं सांगून झालं की पेशंटलाच विचारायचं, "आता घरी गेल्यावर काय करणार, ते तुमच्या शब्दांत सांगा बरं."

आपल्या जुन्नर-आंबेगावात उत्तर येतं, "पहाटे चालायला जाईन." पण कुठून? कुकडी आणि डिंभ्याच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहायला आला. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, यावरून काय ते समजा. अंधारात एकट्याने फिरायचा सल्ला इथे देऊच नये. ऊन आल्यावर तिघाचौघांनी मिळून वस्तीतल्या रस्त्यावर, नाहीतर शाळेच्या मैदानावर चालावं. आठवड्याला 150 मिनिटं पुरेशी आहेत, आणि दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतं.

खाण्याचंही तसंच. "मासवडी सोडा" म्हटलं तर इथलं कुणी ऐकणार नाही, आणि ऐकायची गरजही नाही. ती काय रोज होते? रोज होतो तो चहा. हे गणित सातवी-आठवीच्या मुलांकडून करून घ्या. एका कपात दोन चमचे म्हणजे साधारण 10 ग्रॅम साखर. पाव्हणेरावळे धरून दिवसाला सहा कप झाले तर 60 ग्रॅम, सुमारे 240 कॅलरी. महिन्याला एका माणसाच्या पोटात 1 किलो 800 ग्रॅम साखर नुसत्या चहातून! जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला साधारण 50 ग्रॅमची आहे, 25 च्या आत राहिलं तर आणखी चांगलं. हा आकडा मुलाने घरी सांगितला की आजीसुद्धा विचार करते. उपवासाची साबुदाणा खिचडीही याच वहीत मांडा.

"पण मी काही जाड दिसत नाही." हे वाक्य फसवं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय एकच होता, 22.3. अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के निघाली! 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. म्हणून आपल्याकडे मोठ्या माणसांसाठी बीएमआय 23 पासूनच सावध व्हायला सांगतात, आणि कंबर पुरुषांची 90 सेंमी, बायकांची 80 सेंमीच्या आत असावी असं धरतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून टेप लावा. हे आकडे लहान मुलांना मात्र लावू नका, त्यांचे तक्ते वयानुसार वेगळे असतात. आणि वर्गासमोर कुणाचं वजन मोठ्याने वाचू तर अजिबात नका. "जाड्या" म्हणवून घेतलेलं पोर मैदानावर यायचंच बंद होतं.

उद्दिष्टही झेपेल असं द्यावं. 80 किलोच्या माणसाला "60 वर या" म्हटलं की तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. पाच टक्के, म्हणजे 4 किलो कमी झाले तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो. फक्त गोळ्या चालू असतील तर त्या कमी करायचा निर्णय डॉक्टरांवर सोडा.