अणूच्या पोटातलं खळं

वाशीम जिल्ह्यातल्या केनवडच्या शिवारात पिकलेला सोयाबीनचा एक दाणा तळहातावर घ्या. त्यात कार्बनचे अगणित अणू आहेत. प्रत्येक अणूच्या मधोमध असतं इवलंसं केंद्रक. त्यात बहुतेक वेळा 6 प्रोटॉन आणि 6 न्यूट्रॉन एकमेकांना खेटून बसलेले असतात.

पण सगळीच केंद्रकं अशी गच्च नसतात बरं का!

मोबाइलच्या बॅटरीतलं लिथियम तुम्हाला माहीत आहे. त्याच्या नेहमीच्या केंद्रकात 3 प्रोटॉन आणि 4 न्यूट्रॉन असतात. त्याचा एक अजब भाऊ प्रयोगशाळेत तयार करता येतो. त्यात प्रोटॉन तेच 3, न्यूट्रॉन मात्र 8! हा लिथियम-11. त्याचे 9 कण मध्ये घट्ट बसतात, हा त्याचा गाभा, आणि उरलेले 2 न्यूट्रॉन लांबवर भटकतात. त्यांचं विरळ खळं गाभ्याभोवती पसरतं. किती? जवळजवळ शिशाच्या केंद्रकाएवढं, आणि शिशाच्या केंद्रकात तर 208 कण असतात!

शेतात तीन काठ्या एकमेकींना टेकवून उभ्या करा. आता त्यातली एक काढा. उरलेल्या दोन्ही पडल्या ना? इथेही तसंच. गाभा आणि 2 न्यूट्रॉन तिघे मिळून टिकतात, यातले कोणतेही दोघे एकत्र राहू शकत नाहीत. आणि टिकून टिकून किती, तर सुमारे 9 मिलिसेकंदांत अशी निम्मी केंद्रकं बदलून जातात.

मग इतक्या झटपट पळणाऱ्या गोष्टीचं माप घ्यायचं कसं? टक्कर घडवून! इसाओ तानिहाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बर्कलीत लिथियमची केंद्रकं वेगाने कार्बनसारख्या पदार्थांवर सोडली आणि किती आदळतात ते मोजलं. जे मोठं, ते जास्त वेळा आदळणार. लिथियम-11 अपेक्षेपेक्षा फारच जास्त आदळलं! हे वर्ष होतं 1985.

अशा केंद्रकांच्या अभ्यासात आपली मुंबईही आहे. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन नावाचं यंत्र आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ही संस्था मिळून ते चालवतात. तिथे सहज फुटणाऱ्या केंद्रकांच्या टकरींचा अभ्यास होतो. या दोन्ही संस्थांतले शास्त्रज्ञ फ्रान्समधल्या गॅनिल प्रयोगशाळेतल्या एका प्रयोगातही होते. आराधना श्रीवास्तव आणि वंदना नानल ही त्यातली दोन नावं. तिथे हेलियम-8 सोन्यावर सोडलं. त्यात 2 प्रोटॉन आणि तब्बल 6 न्यूट्रॉन!

आता बेरीज करा. सोन्यात 79 प्रोटॉन, हेलियमचे 2 मिळाले की 81. म्हणजे झालं थॅलियम! पण सोन्याने हेलियमचे नुसते न्यूट्रॉनच घेतले, तर प्रोटॉन 79च राहतात आणि सोनं फक्त जड होतं. मागाहून बाहेर पडणाऱ्या किरणांवरून कुठे काय घडलं ते ओळखता येतं. या प्रयोगाचा निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाला: दोन केंद्रकं एकजीव होण्यापेक्षा नुसते न्यूट्रॉन देण्याचे प्रसंगच जास्त होते. बाहेरचे न्यूट्रॉन किती सैल बसलेले असतात, ते यातून दिसलं.

एका केंद्रकात जास्तीत जास्त किती न्यूट्रॉन मावतात? 118 मूलद्रव्यांपैकी फक्त पहिल्या 10 मूलद्रव्यांची ही मर्यादा प्रयोगांनी पक्की झाली आहे. बाकीची मोजणी व्हायची आहे. तेव्हा मित्रांनो, गणित आणि विज्ञान मन लावून शिका. या कामाला माणसं हवी आहेत!