कोर्टाचा कागद दारी आला तर

कोर्टाचा कागद म्हटला की घरात घबराट होते. त्यात तो काडीमोडाचा असला तर विचारूच नका. कोणी म्हणते, "हातात घेऊ नकोस." कोणी म्हणते, "सही केलीस की झाला काडीमोड." कोणी आतून कडी लावून सांगते, "ती घरी नाही म्हणावं." हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. ते कसे, हे आपण समजून घेऊ.

काडीमोडाला कायद्यात घटस्फोट म्हणतात. हिंदू विवाह कायदा १९५५ साली झाला. कायद्यात सांगितलेले कारण असेल, तर नवरा कोर्टात अर्ज करू शकतो. तशीच बायकोही करू शकते. पण एकाचेच ऐकून निकाल द्यायचा नाही, असा कोर्टाचा नियम आहे. दुसऱ्याला आधी बोलावले पाहिजे. या बोलावण्याला समन्स म्हणतात. समन्सासोबत अर्जाची नक्कल येते. आपल्याविरुद्ध काय लिहिले आहे, ते त्यात वाचायला मिळते.

म्हणजे समन्स हा काडीमोड नव्हे. ती शिक्षाही नव्हे. "अमुक तारखेला या, तुमचे म्हणणे सांगा," एवढाच तो निरोप आहे.

हा कागद कोर्टाचा बेलिफ घेऊन येतो. टपालानेही येतो. ज्याच्या नावाचा, त्याच्याच हाती तो द्यायचा असतो. घेताना आपण सही करतो. त्या सहीचा अर्थ "कागद पोचला" एवढाच. "काडीमोड मान्य आहे" असा तिचा अर्थ होत नाही. सहीखाली त्या दिवसाची तारीख घाला. कागद घेण्याबद्दल बेलिफाला एक पैसाही द्यावा लागत नाही.

कागद घेतलाच नाही तर? मग बेलिफ तो घराच्या दाराला डकवतो. घर कोणी दाखवले, कोणासमोर कागद डकवला, हे लिहून कोर्टाला कळवतो. टपालवाल्याने "घेत नाही" असा शेरा मारला, तरी कागद पोचला असेच कोर्ट धरते. म्हणजे दार लावून खटला थांबत नाही. अर्जात काय लिहिले आहे, ते मात्र आपल्याला कळत नाही.

माणूस घरी नसेल आणि लवकर येण्यासारखा नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या मोठ्या माणसाकडे कागद देता येतो. पुरुष असो की बाई, चालते. घरगडी चालत नाही. "सोबत राहणाऱ्या" हे शब्द ध्यानात ठेवा. समजा, बायको दोन वर्षे माहेरी आहे. नवऱ्याने अर्जात पत्ता सासरचा दिला आणि कागद दिराने घेतला. तो तिला पोचला असे होत नाही. म्हणून अर्ज करणाऱ्याने पत्ता खराच द्यावा. खोट्या पत्त्यावर मिळवलेला निकाल पुढे रद्द होऊ शकतो.

माणूस कुठेच सापडला नाही, तर कोर्टाच्या हुकमाने समन्स वर्तमानपत्रात छापतात, किंवा कोर्टात आणि त्याच्या शेवटच्या घरावर लावतात.

आता खरा धोका कशात आहे, ते ऐका. कागद पोचला आणि माणूस तारखेला गेला नाही, तर कोर्ट दुसऱ्याचेच ऐकून निकाल देऊ शकते. याला एकतर्फी निकाल म्हणतात. असा निकाल लागला की लग्न मोडते. अपिलाची मुदत संपली की समोरच्याला दुसरे लग्न करता येते. पोटगीचे काय, मुले कोणाकडे राहणार, हे आपल्याला सांगायचे राहूनच जाते.

तुम्हाला कागद पोचलाच नव्हता, तारीख कळलीच नव्हती, आणि असा निकाल लागल्याचे मागून समजले, तर हातपाय गाळू नका. समजल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याच कोर्टात अर्ज करा. निकाल रद्द करून पुन्हा सुनावणी घ्या, असे मागता येते. अशा वेळी एक दिवसही वाया घालवू नका.

मग कागद आला तर काय करायचे? तुम्हाला आता वाचता येते. कागदावर कोर्टाचा शिक्का आहे का, ते पाहा. कोर्टाचे नाव, खटल्याचा नंबर, तारीख आणि वेळ वाचा. नुसती वकिलाची नोटीस असेल, तर ते समन्स नव्हे. तरी तीही जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा. लेखी उत्तराला मुदत असते, साधारण ३० दिवसांची. म्हणून तारखेची वाट पाहत बसू नका.

"वकिलाला पैसा कुठला?" असे पुष्कळ बाया विचारतात. १९८७ च्या कायद्याने बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो. तिची मिळकत किती, हे पाहिले जात नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या पुरुषांनाही तसाच मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे जाऊन विचारा. १५१०० या नंबरावर फोन केला तरी माहिती मिळते. शिवाय स्वतःची कमाई पुरेशी नसेल, तर खटला चालू असताना पोटगी आणि खटल्याचा खर्च कोर्टाकडे मागता येतो.

नांदायचे की वेगळे व्हायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही एवढेच सांगतो: कागद घ्या, वाचा, आणि तारखेला हजर राहा.