बेताच्या पैशात नेमबाजीची रायफल

आमच्या शहराच्या लष्कर या भागाचे नावच छावणीवरून पडले आहे. इ. स. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ येथे पडला, आणि पुढे त्या तळाचेच नगर झाले. त्या तळाबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांपैकी कित्येकांच्या देवघरात दसऱ्याच्या दिवशी एखादी गंजत चाललेली तलवार किंवा कट्यार आजही पाटावर ठेवली जाते. तिला हळदकुंकू वाहिले जाते आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पेटीत जाते. शस्त्राशी आपला संबंध आता एवढाच उरला, असे दाना ओलीतील वडीलधाऱ्या मंडळींना वाटत असेल तर नवल नाही.

परंतु अलीकडे घराघरांतून एक निराळाच प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलच्या तिन्ही आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्यापूर्वी 2023 साली हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत याच प्रकारात भारताच्या ज्या संघाने सुवर्णपदक जिंकले, त्यात कुसाळे यांच्या जोडीला आपल्याच मध्य प्रदेशातील, खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर होता. तेव्हापासून शाळकरी मुले-मुली आईवडिलांना विचारू लागली आहेत, 'आपल्यालाही रायफल घेता येईल का?' पगारदार गृहस्थाने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, याचा विचार या लेखात आम्ही करणार आहोत.

प्रथम एक आठवण करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते. हा खेळ महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाला परका नाही. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना 1951 साली स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. बडोद्यास जन्मलेल्या आणि अहमदाबादेस कार्य केलेल्या या मराठी गृहस्थाच्या नावाने आजही अखिल भारतीय मावळंकर नेमबाजी स्पर्धा भरते. राष्ट्रीय स्पर्धेची पायरी चढू पाहणाऱ्या नवोदितांना तिचे नाव चांगले परिचयाचे असते.

आता मूळ विषयाकडे वळू. ज्या रायफलीला सारे जण 'पॉइंट टू-टू' म्हणतात, तिची गोळी 5.6 मिलिमीटर व्यासाची, शिशाची आणि अवघी अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. या काडतुसाच्या बुडाला जी बारीक कड असते, तिच्या आतच पेट घेणारे मिश्रण भरलेले असते. टाचणी त्या कडेवर आपटली की दारू पेटते. म्हणून यास रिमफायर म्हणतात. स्पर्धेच्या काडतुसाचा वेग मुद्दामच ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली ठेवतात, कारण ध्वनीची मर्यादा ओलांडून पुन्हा खाली येणारी गोळी वाटेत डगमगण्याचा संभव असतो. अर्थात जास्त जोराचे काडतूस म्हणजे जास्त अचूक काडतूस, हा समज येथे लागू पडत नाही.

मग रायफल किती अचूक हवी? याचे उत्तर साध्या अंकगणिताने काढता येते. 50 मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. गोळीचे छिद्र त्या वर्तुळाच्या रेषेला नुसते स्पर्शले तरी दहा गुण मिळतात. वर्तुळाची त्रिज्या 5.2 आणि गोळीची 2.8 यांची बेरीज 8 मिलिमीटर होते. म्हणजे छिद्राचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून 8 मिलिमीटरच्या आत पडला की दहा गुण पदरात पडले. यावरून असे दिसते की, जी रायफल आपल्या सर्व गोळ्यांचे मध्य 16 मिलिमीटरच्या वर्तुळात पाडते, ती तत्त्वतः प्रत्येक वेळी दहा गुण देऊ शकते. नवशिक्याचा स्वतःचा हात याच्या कितीतरी पट हलतो. शिवाय ताशी पाच-सहा किलोमीटरची आडवी झुळूकही गोळीला सात-आठ मिलिमीटर बाजूला नेते. पॅरिसमध्ये प्राथमिक फेरीत साठ गोळ्यांत 590 गुण मिळवून कुसाळे सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत गेले. जगातील निवडक आठांत बसणाऱ्याचेही दहा गुण गेले होते, हे ध्यानात ठेवावे. अंतिम फेरीत दशांश गुण मोजतात, तेथे उत्तमोत्तम रायफलीचे मोल खरे. पहिल्या तीन-चार वर्षांत मात्र नेमबाजाला अडविणारी गोष्ट क्वचितच रायफल असते.

या हिशेबावरून आमचे मत असे झाले आहे की, बेताचा पैसा असणाऱ्याने रायफल सर्वांत शेवटी घ्यावी, आणि घेतलीच तर नवी व दिखाऊ घेण्यापेक्षा जुनी, परंतु निकोप नळीची घ्यावी. त्याची कारणे आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट कायद्याची. पॉइंट टू-टू हे 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली येणारे अग्निशस्त्र आहे. त्यास जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना लागतो, आणि एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्यास स्वतःच्या नावाने ते घेता येत नाही. अल्पवयीन खेळाडू संघटनेच्या किंवा प्रशिक्षण संस्थेच्या शस्त्रावर, देखरेखीखाली सराव करतात. आमच्या चंबळ-ग्वाल्हेर भागात खांद्यावरची बंदूक हे पुष्कळदा प्रतिष्ठेचे चिन्ह समजले जाते. नेमबाजीची रायफल त्या जातीची नव्हे. ती ओझ्याची, बेढब दिसणारी आणि एकाच कामाची वस्तू आहे, हे घरातील मंडळींनीही समजून घ्यावे. शिवाय दाना ओलीतल्या वाड्यात ती कुलपात ठेवण्यास जागा निघेल; परंतु झाडण्यास पन्नास मीटर सुरक्षित मोकळी जागा आणि गोळी अडविणारा मातीचा बांध काही निघणार नाही. म्हणून जवळची रेंज कोणती, ती कोणाच्या ताब्यात आहे आणि तेथे आठवड्यातून किती वेळ मिळेल, याची चौकशी दुकानदाराच्या पायरीवर पाऊल ठेवण्यापूर्वी झाली पाहिजे.

दुसरी गोष्ट काडतुसांची. आठवड्यातून दोनदा साठ-साठ गोळ्यांचा सराव केला तर वर्षाला सहा हजारांवर काडतुसे लागतात. एका काडतुसास वीस रुपये धरले, तरी हा खर्च सव्वा लाखाच्या घरात जातो. ज्याने सारी पुंजी रायफलीत घातली, त्याला पुढे गोळ्या मोजून झाडाव्या लागतात, आणि उत्तम रायफल खुंटीला राहते. आणखी एक विशेष असा की, प्रत्येक नळीची काडतुसांची आवड निराळी असते. एकाच कारखान्याच्या एकाच प्रकारच्या दोन वेगवेगळ्या घाण्यांतील काडतुसेही एकाच नळीतून सारखी चालत नाहीत. म्हणून तीन-चार प्रकार थोडे थोडे आणून झाडून पाहावेत आणि जो जमेल, त्याच घाण्याचा साठा परवान्याच्या मर्यादेत करून ठेवावा. साध्या रायफलीची अचूकता वाढविण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष निवडीची. राष्ट्रीय छात्रसेनेत गेलेल्या पिढ्यांना बीएसएची जुनी जड रायफल आणि 'डिलक्स' ही हलकी रायफल ठाऊक आहे. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनलेली स्पोर्टिंग रायफलही अनेकांनी हाताळली असेल. शिस्त, श्वास आणि चापावरील बोट शिकण्यास या पुरेशा आहेत. स्पर्धेच्या रायफलींत जर्मनीतील उल्म येथील अ‍ॅन्शुट्झचे नाव सर्वांत अधिक ऐकू येते. तिच्या '54' यंत्रणेच्या रायफली वरिष्ठ स्पर्धकांच्या, तर '64' यंत्रणेच्या त्याहून हलक्या आणि कमी किमतीच्या. नवोदितास दुसऱ्या प्रकारची पुष्कळ झाली. अशा रायफली परदेशातून थेट मागविणे सर्वसाधारण नागरिकास शक्य नसते. ती सवलत मान्यताप्राप्त नामांकित नेमबाजांस असते. त्यामुळे वरची श्रेणी गाठलेल्या खेळाडूने काढून टाकलेली जुनी रायफल, रीतसर परवान्यावर नोंद करून घेणे, हाच पुष्कळदा मध्यममार्ग ठरतो.

जुनी रायफल घेण्यात भिण्याचे कारण नाही, कारण मऊ शिशाच्या गोळीने नळीची झीज फार सावकाश होते. नळी बिघडते ती बहुधा सफाईच्या सळईने. म्हणून नळीच्या तोंडाची कड भिंगाने पाहावी; तेथे ओरखडा किंवा ठोका असेल तर गोळी बाहेर पडतानाच तिरकी होते. नळीत गंजाचे खळगे नसावेत. बोल्ट बंद केल्यावर डगमगू नये. चाप प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी, तेवढ्याच दाबाने सुटला पाहिजे. अचूकतेत नळीच्या खालोखाल मान चापाचाच आहे. रिकामी रायफल मात्र वारंवार खटकावून पाहू नये, कारण कित्येक रिमफायर रायफलींत टाचणी नळीच्या कडेवर आपटून दोहोंना इजा होते. दस्त्याची लांबी आणि गालाची फळी मुलाच्या अंगाबरोबर बदलता येत असल्यास उत्तम. वाढत्या वयाच्या मुलासाठी हा गुण नक्षीदार लाकडापेक्षा मोलाचा आहे. मुलगी डावखुरी असेल तर उजव्या हाताची रायफल स्वस्त मिळते म्हणून तिच्या गळ्यात मारू नये. मागची पीप साइट एकेक खटक्याने सारखी सरकते की नाही, तेही पाहावे.

शेवटी, कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विकणारे बहुधा पाच गोळ्यांचा एखादा सुबक कागद दाखवितात; पाच गोळ्या योगायोगानेही एकत्र पडतात. वाळूच्या पिशवीवर टेकवून, जाणत्या प्रशिक्षकाच्या हातून दहा-दहा गोळ्यांचे निदान चार-पाच कागद झाडून घ्यावेत आणि त्यांतील सर्वांत वाईट कागदावरून रायफलीची किंमत करावी. तोही वीस मिलिमीटरच्या आत असेल तर खुशाल घ्यावी. रायफलीवरील क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशी अंकन् अंक ताडून पाहावा.

मग तोवर मुलाने काय करावे? दहा मीटरच्या हवेच्या रायफलीपासून आरंभ करावा. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या हवेच्या रायफलीस परवाना लागत नाही, छऱ्यांचा खर्च काडतुसांच्या मानाने अत्यल्प आणि शिक्षण मात्र तेच. मुंबईच्या अंजली वेदपाठक-भागवत छात्रसेनेतून या खेळाकडे वळल्या आणि 2000 साली सिडनीत हवेच्या रायफलीच्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिच येथे पॉइंट टू-टूच्या पालथ्या आसनाच्या स्पर्धेत 600 पैकी 597 गुणांनी विश्वविजेतेपद मिळविले. भोपाळमध्ये राज्य शासनाची नेमबाजी अकादमी आहे. तोमर तेथेच घडला. निवड झाली तर शस्त्राची चिंता बऱ्याच अंशी तेथेच मिटते. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींसाठी छात्रसेनेचे दार आहेच.

आमच्या मराठी घरांत मुलाच्या हौसेसाठी पोटाला चिमटा घेण्याची चाल जुनी आहे आणि तिचा आम्हांस अभिमान आहे. परंतु पहिल्याच उत्साहात कर्ज काढून आणलेली रायफल पुष्कळदा मुलाच्या मनावरचे ओझे होऊन बसते. प्रत्येक चुकलेल्या गोळीगणिक त्याला बापाचा हप्ता आठवतो. तसा हात स्थिर राहत नाही. याउलट दोन वर्षे दुसऱ्याच्या रायफलीवर मन लावून शिकलेल्या मुलाला आपल्याला नेमके काय हवे, हे स्वतःच सांगता येते, आणि तेव्हा घेतलेली वस्तू वाया जात नाही. पालकांनी तेवढा धीर धरावा, आणि मुलांनी तेवढे दिवस पुरेल अशी जिद्द दाखवावी. मग पुढच्या एखाद्या दसऱ्याला जुन्या तलवारीशेजारी तिची रायफलही पूजेच्या पाटावर मानाने विराजमान होईल.